डॉर्टचे कॅनन्स मानणाऱ्याने नास्तिकाला 'स्वतंत्र इच्छे'चे उत्तर द्यावे का?

बीडी_दुसरे_वर्ष (प्रश्न)

जय ख्रिस्त. रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या वळणाच्या प्रोटेस्टंट) परंपरेतले वाद आणि निरीश्वरवाद यांवर सेमिनरीचा पेपर लिहायचा आहे. त्याच्याच आधारे सुटीत नागपुरात तरुण संघासमोर दीड तासाचे चर्चासत्र घ्यायचे आहे. मंडळीतली मुले असतीलच, शिवाय त्यांनी बोलावलेले कॉलेजचे मित्रही येतील. त्यांत काही जण अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करतात, काही बौद्ध घरांतले आहेत.

तीन ठिकाणी अडतो आहे.

पहिले, दुष्टतेच्या प्रश्नावर (चांगला देव असताना दुष्टता का) बहुतेक पुस्तके तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगाचे स्वतंत्र इच्छेचे उत्तर पुढे करतात. मी डॉर्टचे कॅनन्स (१६१८-१९ च्या डॉर्ट सिनडने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, ठरवलेली कलमे) मनापासून मानतो. देवाने सर्व काही आधीच ठरवले आहे असे शिकवायचे आणि अडचण आली की 'माणसाने स्वतःच्या इच्छेने पाप केले' म्हणून सुटायचे, हे प्रामाणिक वाटत नाही.

दुसरे, रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की देवाविषयीचे ज्ञान सर्वांना आहे आणि माणसे ते दाबून ठेवतात. मग समोरच्या नास्तिकाला 'तुला आतून ठाऊकच आहे' असे म्हणायचे का? रिफॉर्म्ड धर्मपंडित व्हॅन टिलच्या मार्गाने जाणारे होय म्हणतात, प्लँटिंगावाले वेगळे सांगतात, धर्मपंडित स्प्राउलच्या बाजूचे तिसरेच.

तिसरे, आमची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मूळची स्कॉटिश मिशनची. वेस्टमिन्स्टर कन्फेशन (प्रेस्बिटेरियन चर्चचे विश्वासाचे लेखी निवेदन) आज आम्हाला बंधनकारक आहे का? आणि ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्या आमच्या खापरपणजोबांचे काय, हे कोणीतरी विचारणारच.

कलमे आणि वचने नेमकी सांगितलीत तर पेपरलाही उपयोग होईल.

---

धंतोली_वाचक

पहिल्या मुद्द्यावर लिहितो. तुमची शंका रास्त आहे आणि पेपरचा कणा तिचाच करा.

आधी वाद नीट मांडून घ्या. नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीने १९५५ साली म्हटले की देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्णपणे चांगला आहे आणि दुष्टता आहे, ही तीन विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. नुसत्या तीन विधानांतून विसंगती निघत नाही, म्हणून त्याने दोन नियम जोडले: चांगला असेल तो जमेल तेवढी दुष्टता दूर करतो, आणि सर्वशक्तिमानाला कशाचीच मर्यादा नसते. त्याच लेखात त्याने विचारले की माणसे स्वतंत्र असूनही नेहमी चांगलेच निवडतील अशी देवाने का घडवली नाहीत? प्लँटिंगाचे १९७४ चे उत्तर या प्रश्नाला आहे. अशी माणसे घडवणे एकट्या देवाच्या हाती नसणे शक्य आहे, कारण निवड देवाने घडवून आणली तर ती स्वतंत्र राहत नाही.

तुमची अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. बहुतेक रिफॉर्म्ड लेखक, त्यांत १७५४ सालचा जोनाथन एडवर्ड्सही आला, कम्पॅटिबिलिस्ट आहेत: देवाने ठरवलेली कृतीही माणसाची खरीखुरी, स्वेच्छेने केलेली कृती असू शकते. तसे असेल तर मॅकीला 'हो, देव तशी माणसे घडवू शकला असता' असेच उत्तर द्यावे लागते. वेस्टमिन्स्टर कन्फेशनचा नववा अध्याय, पाचवे कलम काढा. गौरवाच्या अवस्थेत माणसाची इच्छा केवळ चांगल्यासाठी पूर्णपणे आणि अढळपणे स्वतंत्र होते असे तिथे लिहिले आहे. म्हणजे मॅकी ज्याची कल्पना करतो ते स्वर्गात घडणारच आहे, अशी तुमच्याच कन्फेशनची साक्ष आहे.

कोणी म्हणेल की प्लँटिंगाला फक्त शक्यता दाखवायची होती, ती खरी मानायची गरज नाही. हा बचाव टिकत नाही. स्वातंत्र्य म्हणजे काय हा प्रश्न आज एक, उद्या दुसरे असा बदलणारा नाही. कम्पॅटिबिलिझम खरा असेल तर तो सर्व शक्य जगांत खरा, आणि मग प्लँटिंगाचा आधार तुमच्या दृष्टीने शक्यही उरत नाही. मोलिनाच्या 'मध्यम ज्ञाना'तून (कोणत्या परिस्थितीत कोण काय निवडेल हे देवाला आधीच ठाऊक असते, या मतातून) वाट काढावी म्हटले तर वेस्टमिन्स्टरच्या तिसऱ्या अध्यायाचे दुसरे कलम आडवे येते: पुढे असे घडेल हे आधी दिसले म्हणून देवाने काहीही ठरवलेले नाही.

एक पोटवाद पेपरमध्ये घ्याच. तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या कलमात सर्व काही देवाने नेमले म्हटल्यावर लगेच येते की देव पापाचा कर्ता नाही, निर्मिलेल्या जिवांच्या इच्छेवर जबरदस्ती नाही, आणि दुय्यम कारणांचे स्वातंत्र्य व अनिश्चितता नाहीशी होत नाही, उलट ती स्थापित होते. यावर रिचर्ड म्युलर यांनी २०१७ च्या ग्रंथात म्हटले आहे की सतराव्या शतकातल्या रिफॉर्म्ड पंडितांवर आजचा कम्पॅटिबिलिस्ट शिक्का मारणे चुकीचे आहे. त्यांचे पूर्ण पटले नाही तरी दोन परिच्छेद द्या, कारण परीक्षक हाच प्रश्न विचारतो.

मग हाती काय राहते? मॅकीचा पहिला जोड-नियम थेट नाकारता येतो. चांगल्या देवाजवळ दुष्टता राहू देण्याचे पुरेसे कारण असू शकते, आणि ते असूच शकत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मॅकीवर आहे. उत्पत्ती ५०:२० आणि प्रेषितांची कृत्ये २:२३ ही वचने इथे घ्या. दोन्हींत एकाच घटनेत माणसांचा दुष्ट हेतू आणि देवाचा चांगला हेतू आहे, आणि माणसे दोषमुक्त होत नाहीत. तार्किक आक्षेपाला एवढे पुरते.

विल्यम रो यांचा १९७९ चा आक्षेप जास्त कठीण आहे. जंगलातल्या वणव्यात होरपळून कित्येक दिवस तडफडून मेलेल्या हरणाच्या पाडसाचे दुःख कोणाच्या उपयोगाचे, असे ते विचारतात. रिफॉर्म्ड उत्तर बहुधा असे असते की आपल्याला कारण दिसत नाही म्हणून कारण नाही असे होत नाही (अनुवाद २९:२९, इयोब ३८ पासून पुढे). उत्तर योग्य आहे, पण त्याची किंमत मोजायची तयारी ठेवा. देवाचे हेतू आपल्याला इतके अगम्य असतील तर दहा मिनिटांनी 'सृष्टीची रचना पाहा, देवाचा हेतू स्पष्ट दिसतो' असे म्हणता येत नाही. तरुण संघाच्या कार्यक्रमांत ही दोन्ही वाक्ये एकाच भाषणात ऐकू येतात आणि चांगला नास्तिक तिथेच पकडतो.

'देवाने फक्त होऊ दिले' हे वाक्यही वापरू नका. कॅल्व्हिनने 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात निव्वळ परवानगीची भाषा नाकारली आहे, आणि वेस्टमिन्स्टरच्या ५:४ मध्येही नुसत्या परवानगीने नव्हे असे स्पष्ट आहे. 'देवाने केले' हेही म्हणू नका, कारण त्याच कलमात पापीपणा केवळ निर्मिलेल्या जिवाकडून येतो असे आहे. दोन्ही बाजू एकत्र धरायला एका वाक्याऐवजी दोन वाक्ये लागतील, तेवढी वापरा.

नागपुरात बोलत आहात, तेव्हा यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतकरी आत्महत्यांचा विषय निघणार. तिथे देवाच्या संकल्पाचा सिद्धांत उत्तर म्हणून देऊ नका. कारण साधे आहे: पाचव्या अध्यायाप्रमाणे देव सामान्यतः साधनांमधून काम करतो, आणि ती साधने इथे कर्ज, कापसाचा भाव, पाऊस, सावकार आणि सरकारी धोरण ही आहेत. संकल्पाचे नाव घेऊन या कारणांवरून नजर हटवली तर तो सिद्धांताचाच गैरवापर होतो. इयोबच्या मित्रांनी नेमके दुःख आणि नेमके कारण जोडून दाखवले आणि ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर रागावला. लूक १३:१-५ मध्ये येशूनेही शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्यांबद्दल असे गणित मांडायला नकार दिला. एवढे सांगून थांबा.

---

इंदोरा_चौक

जय भीम. मी बौद्ध आहे आणि तुमच्या सत्रात येणाऱ्या मुलांच्या बाजूने लिहितो आहे.

मॅकी आणि रो यांची तयारी करा, पण नागपुरात समोर येणारा युक्तिवाद बहुधा तो नसेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडले त्यातून आलेल्या घरांत 'देव आहे की नाही' हा प्रश्न एकटा उभा राहत नाही. 'देव मानल्याने माणूस माणसाशी नीट वागतो का' या प्रश्नाच्या पोटात तो येतो. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात 'अधम्म म्हणजे काय' असा भाग आहे आणि ईश्वरावरचा विश्वास धम्माचा आवश्यक भाग नाही हे त्यात मुद्देसूद मांडले आहे. धम्माचे केंद्र माणसाचे माणसाशी नाते हे आहे. हा भाग वाचल्याशिवाय सत्र घेऊ नका.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंगुत्तर निकायाच्या (पाली त्रिपिटकातल्या ग्रंथाच्या) तिकनिपातातले तित्थायतन सुत्त. त्यात तीन मते नाकारली आहेत: सर्व काही पूर्वकर्माने घडते, सर्व काही ईश्वराच्या निर्मितीने घडते, आणि सर्व काही कारणाशिवाय घडते. ईश्वराच्या मतावरचा आक्षेप असा: तसे असेल तर माणसे हत्या करतात, चोरी करतात, खोटे बोलतात तेही ईश्वरनिर्मितीमुळे; आणि ईश्वरालाच सार मानून बसणाऱ्याला 'हे करावे, हे करू नये' अशी इच्छाही उरत नाही, प्रयत्नही उरत नाही.

हे वाचताना लक्षात येईल की माणसाच्या स्वतंत्र इच्छेला जागा देणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायाला हा बाण ओझरता लागतो आणि डॉर्टवाल्याला थेट. 'आमचा देव असा नाही' म्हणून बाजूला होऊ नका, तुमच्या कॅनन्समधूनच उत्तर द्या. माझ्या वाचनात तुमची सर्वांत मजबूत जागा तिसऱ्या-चौथ्या मुद्द्याचे सोळावे कलम आहे: कृपा माणसांवर ती दगड-ओंडके असल्यासारखी काम करत नाही, इच्छा नष्ट करत नाही, अनिच्छेला बळाने ओढत नाही. सतरावे कलम साधनांचा वापर सोडू नये असे सांगते. पाचव्या मुद्द्यात बारावे कलम आहे की खात्री मिळाल्याने माणूस बेफिकीर होत नाही, हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा ६४ वा प्रश्नही तेच विचारतो. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, पण ते आक्षेपाला भिडते. भिडणाऱ्या माणसाशी बोलता येते.

आता जास्त नाजूक गोष्ट. 'देवाने काहींना जन्माआधीच निवडले' हे वाक्य आमच्या कानांवर कसे पडते याचा विचार करा. जन्माआधीच ठरलेली उच्चता आणि नीचता आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. तुम्ही म्हणाल की निवड कोणत्याही गुणावर आधारलेली नाही, म्हणून कोणाला फुशारकीला जागा नाही, आणि अनुवाद ७:७ दाखवाल. ते बरोबर आहे. पण पुढचा प्रश्न दक्षिण आफ्रिकेचा येईल. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ च्या सिनडमध्ये 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वेगळ्या उपासनेला मोकळीक दिली, आणि पुढे वंशभेदाला त्याच परंपरेतून धर्मशास्त्रीय आधार दिला गेला. उत्तर द्यायचे तर त्याच परंपरेतले बेलहर कन्फेशन दाखवा. मसुदा १९८२ चा, स्वीकार १९८६ चा. १९८२ सालीच ओटावाला जागतिक रिफॉर्म्ड संघटनेने वंशभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले. तुमच्या लोकांनी तुमच्याच कन्फेशनच्या भाषेत ही चूक पकडली, हे ऐकायला समोरची मुले तयार असतील. त्यानंतर तुमच्या मंडळीत लग्ने जात पाहून ठरतात का, असे कोणी विचारले तर खरे उत्तर द्या.

बावीस प्रतिज्ञांचा उल्लेख करून 'आपण दोघेही मूर्तिपूजा मानत नाही' अशी जवळीक साधायला जाऊ नका. त्या प्रतिज्ञा ख्रिस्ती प्रचाराची सोय म्हणून घेतलेल्या नाहीत.

---

अनुमानखंड

दुसऱ्या प्रश्नावर. तुम्ही तीन मार्ग म्हणता, पण रिफॉर्म्ड घरात चार आहेत, आणि त्यांतला चौथा बाकीच्या तिघांना चूक म्हणतो.

मुळात कॅल्व्हिनचा क्रम पाहा (१५५९ ची आवृत्ती, पहिले पुस्तक). तिसऱ्या अध्यायात देवत्वाची जाणीव प्रत्येकात रोवलेली आहे, चौथ्यात ती दडपली किंवा बिघडवली जाते, पाचव्यात सृष्टीत देव दिसतो, सहाव्यात पवित्र शास्त्राच्या चष्म्याशिवाय ते नीट दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्यावर व्हॅन टिल आणि प्लँटिंगा वेगवेगळ्या रीतीने उभे आहेत, पाचव्यावर स्प्राउलचा मार्ग (बेल्जिक कन्फेशनचे दुसरे कलमही इथेच), आणि सहाव्यावर धर्मपंडित कार्ल बार्ट, ज्यांनी १९३४ साली एमिल ब्रुनरला एका शब्दात 'नाही' म्हणून नैसर्गिक ईश्वरज्ञान नाकारले. पेपरमध्ये ही मांडणी केलीत तर चौघांचे भांडण एकाच मजकुरातून निघताना दिसते.

प्रत्येक मार्ग नागपुरात कुठे अडतो ते सांगतो.

व्हॅन टिलचा मार्ग म्हणतो की त्रैक्य देव मानल्याशिवाय तर्क, विज्ञान, नीती यांना पायाच नाही. १९८५ च्या बान्सन (व्हॅन टिलवादी) आणि स्टाइन (नास्तिक) यांच्या वादविवादात हा युक्तिवाद गाजला, कारण तर्काच्या नियमांना भौतिकवादात आधार काय या प्रश्नावर स्टाइन गोंधळले. एका माणसाचे गोंधळणे म्हणजे सिद्धांताची सिद्धता नव्हे. युक्तिवाद पूर्ण व्हायचा तर इतर सर्व पर्याय अशक्य आहेत हे दाखवावे लागते, आणि धर्मकीर्तीने सातव्या शतकात अनुमानाचा पाया ईश्वराशिवाय, कार्यकारणभाव आणि स्वभाव या दोन संबंधांवर उभा केला आहे. बौद्ध तर्कशास्त्राची ही परंपरा असलेल्या श्रोत्यांसमोर 'देवाशिवाय तर्क उसना आहे' असे म्हणणे अभ्यासाची कमतरता दाखवते. शिवाय 'हे मानल्याशिवाय विचार करता येत नाही' यावरून 'हे खरे आहे' एवढी उडी घेता येत नाही. बॅरी स्ट्राउडने १९६८ सालीच ही फट दाखवली आहे.

स्प्राउल-गर्स्टनर यांच्या मार्गाने कार्यावरून कर्त्याकडे जायचे असेल तर आधी न्यायदर्शन पाहा. 'क्षित्यंकुरादिकं सकर्तृकं कार्यत्वात् घटवत्' हे अनुमान आपल्याकडे शतकानुशतके घासूनपुसून झाले आहे. उदयनाने ते मांडले. मीमांसक आणि बौद्धांचा आक्षेप असा की घटाचा कर्ता सशरीर असतो, अनेक असू शकतात, तो मर्त्य असतो. मग उदाहरणातून अशरीरी, एकच, सर्वज्ञ कर्ता कुठून आला? ख्रिस्ती वक्ते पाश्चात्त्य युक्तिवाद नवा म्हणून मांडतात आणि दर्शनशास्त्राची एखादी विद्यार्थिनी दोन मिनिटांत कुमारिल भट्ट काढते. ही तयारी तीन-चार दिवसांत होते, करा.

प्लँटिंगाचा मार्ग (१९८३ चा निबंध आणि २००० चा मोठा ग्रंथ) सर्वांत नम्र आहे, आणि म्हणूनच मी तो सुचवतो. तो एवढेच म्हणतो की देव असेल तर पुराव्याच्या साखळीशिवायही देवावरचा विश्वास योग्य असू शकतो. म्हणून 'खरा आहे की नाही ते राहू द्या, पण तुमचा विश्वास अविवेकी आहे' असे म्हणता येत नाही. देव आहे हे यातून सिद्ध होत नाही आणि प्लँटिंगा स्वतः तसा दावा करत नाहीत. इथे लगेच विचारतील: मग वारकऱ्यानेही हेच म्हणावे का? होय, रचना त्यालाही उपलब्ध आहे. हे मान्य करा. बचावाचे साधन चढाईला वापरले की ते हातात मोडते.

आता 'तुला आतून ठाऊक आहे'. म्हणू नका. रोमकरांस १:१८-२१ खरे मानूनही नको. ते वचन माणसांविषयी पवित्र शास्त्राने काढलेला निष्कर्ष आहे, समोरच्याने मान्य केलेले गृहीतक नव्हे. तो तेवढ्याच हक्काने म्हणेल की 'देव नाही हे तुलाही आतून ठाऊक आहे', आणि संभाषण संपेल. पौल स्वतः अथेन्समध्ये (कृत्ये १७:२२-३१) कसा बोलला ते पाहा: त्यांच्याच कवींचा दाखला दिला आणि आरोप करत बसला नाही. शेलेनबर्ग यांनी १९९३ साली 'विरोध न करताही विश्वास न बसणारी माणसे आहेत, प्रेमळ देव असता तर ती नसती' असा आक्षेप मांडला. त्याला रिफॉर्म्ड उत्तर पापाच्या बुद्धीवरील परिणामातून द्यावे लागते. तो परिणाम विश्वासणाऱ्याच्या बुद्धीवरही असतो, हे त्याच श्वासात म्हणा.

पूर्ण भ्रष्टता म्हणजे नास्तिक अनीतिमान असे कोणीतरी समजून बसलेले असते. भ्रष्टता माणसाच्या सर्व अंगांत पोचली आहे एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक जण कमाल वाईट आहे असा नव्हे. नास्तिकाच्या चांगुलपणाचे काय करायचे यावर तुमच्या परंपरेत फूटही पडली: १९२४ च्या कालामाझू सिनडने सामान्य कृपेचे (देव विश्वास न ठेवणाऱ्यांवरही कृपा करतो या मताचे) तीन मुद्दे मंजूर केले, हर्मन होक्सेमांनी ते नाकारले आणि वेगळे चर्च निघाले. सामान्य कृपा मांडणाऱ्या कायपरच्या बाजूने उभे राहिलात तर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्याचे काम देवाच्या सामान्य कृपेचे फळ म्हणून मनापासून मान्य करता येते. आणि एक ठोस सहमतीची जागा आहे: बी. बी. वॉरफिल्डने १९१८ मध्ये खोट्या चमत्कारांवर ग्रंथच लिहिला. चंगाईच्या नावाने औषधे बंद करायला लावणाऱ्याविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि तुमची परंपरा एकाच बाजूला उभ्या आहेत.

---

सिव्हिल_लाइन्स

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून. हे चर्च १८४३ च्या फुटीत निघाले आणि वेस्टमिन्स्टर कन्फेशनला पक्के बांधलेले होते. म्हणजे नागपूरच्या स्कॉटिश मंडळ्यांचा वारसा नक्कीच रिफॉर्म्ड आहे. पण १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा चर्चांचे मिळून सीएनआय झाले. त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्सही आहेत. सीएनआय प्रेषितांचा आणि नायसीन मतांगीकार मानते. बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा दोन्ही चालतात. तेव्हा वेस्टमिन्स्टर तुमच्यासाठी वारसा आहे, दीक्षेची अट नाही. तुम्ही डॉर्ट माना आणि शिकवा, पण शेजारच्या बाकावरच्या आर्मिनियन ताईला कमी ख्रिस्ती ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

पूर्वजांच्या प्रश्नाला इतिहासातच एक दार आहे आणि ते फार कमी जणांना माहीत असते. वेस्टमिन्स्टरचा दहावा अध्याय, चौथे कलम कडक आहे: निसर्गाच्या प्रकाशाप्रमाणे कितीही नीट जगले तरी ख्रिस्ताशिवाय तारण नाही. तिसऱ्या कलमात मात्र ज्यांना बाहेरून बोलावणे पोचूच शकत नाही अशा निवडलेल्यांची सोय आहे. पुढे १८७९ मध्ये युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चने आणि १८९२ मध्ये खुद्द फ्री चर्चने स्पष्टीकरणाचा कायदा केला. बालपणी मेलेले कोणी नाश पावतात असे शिकवणे बंधनकारक नाही, सामान्य साधनांच्या कक्षेबाहेरच्यांवर देव ख्रिस्ताकरिता दया करू शकतो, आणि माणसांना त्यांच्या पापाचा विचार न करता नाशासाठी नेमले असे चर्च शिकवत नाही, असे त्यात आहे. म्हणजे हिस्लॉपना पाठवणाऱ्या चर्चने एकोणिसाव्या शतकातच ही जागा मोकळी ठेवली होती. खापरपणजोबा कुठे आहेत हे तुम्ही सांगू शकत नाही. ते नाश पावले असे सांगायला तुम्ही बांधलेले नाही, हे मात्र सांगू शकता.

जाता जाता: हिस्लॉप भूवैज्ञानिकही होते, टाकळीच्या खडकांतले जीवाश्म त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी अभ्यासले. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असा दावा नागपुरात तरी विश्वासाची कसोटी करू नका. कॅनन्समध्ये तो नाही.

---

बीडी_दुसरे_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. तित्थायतन सुत्त आणि १८९२ चा कायदा पेपरमध्ये स्वतंत्र विभाग म्हणून घेतो. दीड तासात एवढे कसे बसवावे? आणि कोणी रोमकरांस ९ मधला कुंभार काढला तर?

---

धंतोली_वाचक

सगळे बसवू नका. पहिली दहा मिनिटे समोरच्यांना विचारा की ते काय नाकारतात: निर्माता, चमत्कार, धर्मसंस्था, की जन्मावरून ठरणारी पायरी. फळ्यावर लिहा. नंतर पंचवीस मिनिटे दुष्टतेचा प्रश्न, फक्त मॅकी आणि तुमचे उत्तर. रो विचारला तर घ्या. मग वीस मिनिटे प्रयत्नाचा प्रश्न, इंदोरा_चौक यांनी दिलेले सुत्त आणि सोळावे कलम समोरासमोर छापून एका पानावर वाटा. उरलेली पस्तीस मिनिटे प्रश्नांना. प्रश्न चिठ्ठीवर न घेता तोंडी घ्या, कारण चिठ्ठीवर उलट प्रश्न करता येत नाही आणि वाद अर्धवट राहतो. अपॉलोजेटिक्सच्या (विश्वासाच्या तार्किक समर्थनाच्या) चार मार्गांचे भांडण पेपरसाठी ठेवा, तरुण संघात त्याची गरज नाही.

कुंभाराचे वचन (९:२०-२१) प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला कधीच वापरू नका. तिथे पौल इस्राएलाविषयी बोलतो आहे, आणि त्याची सुरुवात स्वतःच्या लोकांसाठी मनात असलेल्या अखंड वेदनेने होते (९:२). नववा अध्याय काढलाच तर ११:३२ पर्यंत वाचा, जिथे देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना अवज्ञेत कोंडले असे येते. तिन्ही अध्याय मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ नसेल तर नववाही उघडू नका.

---

इंदोरा_चौक

सुत्ताचे पान छापताना पालीच्या शेजारी मराठी अनुवाद द्या आणि 'ईश्वरनिर्मितीवाद' या मताबरोबर पूर्वकर्मवादाचे खंडनही ठेवा, ते कापू नका. कापले तर बुद्धाने फक्त ईश्वर नाकारला असे दिसेल आणि समोरचे लगेच पान पूर्ण वाचायला सांगतील.